चर्चच्या साउंड टीममध्ये माणसे टिकत नाहीत, काय करावे?

प्रश्न थोडक्यात असा. सुमारे २५० जणांची मंडळी. तीन वर्षांपूर्वी साउंड, स्लाइड, कॅमेरा आणि लाइव्ह स्ट्रीम सांभाळायला ९ जण होते, आज ४ उरलेत. प्रश्न विचारणारे बंधू त्या टीमचे प्रमुख आहेत आणि गेल्या पाच महिन्यांत एकाही रविवारी ते घरच्यांसोबत बाकावर बसलेले नाहीत. वडीलमंडळाने, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांनी, नवा डिजिटल मिक्सर (सगळ्या माइक-वाद्यांचे आवाज एकत्र करून सांभाळणारे यंत्र) घ्यायला होकार दिला आहे. चांगला मिक्सर आला की माणसे परत येतील का, नवी माणसे कुठून आणावीत, आणि साउंडमध्ये हुशार असलेल्या पण अजून बाप्तिस्मा न झालेल्या एका तरुणाला टीममध्ये घ्यावे का, असे त्यांनी विचारले आहे.

मी बावीस वर्षे मिक्सरमागे काढली, त्यातली शेवटची तेरा टीमचा प्रमुख म्हणून. या काळात माझ्याच हाताखाली एक टीम पूर्ण मोडली आणि पुढे ती पुन्हा उभी राहिली. खाली लिहिले आहे ते बहुतेक त्या मोडण्यातून शिकलेले आहे.

बंधू, मिक्सर थांबू द्या. आधी एक साधा हिशेब करू. तुमच्याकडे जागा चार आणि माणसेही चारच. म्हणजे वर्षातल्या ५२ रविवारांपैकी ५२ रविवार प्रत्येकाने हजर राहायचे. कुणाच्या घरी लग्न निघाले, कुणाला ताप आला, कुणाची परीक्षा आली, की उरलेल्या तिघांतल्या एकाने दोन जागा ओढायच्या. अशा पाळीत कितीही श्रद्धावान माणूस थकतो आणि एक दिवस यायचा थांबतो. माझा अनुभव असा की महिन्यातून दोन रविवार सेवा करणारा माणूस वर्षानुवर्षे आनंदाने करतो. तिसरा रविवार लागला की तो सबबी शोधू लागतो. चौथा लागला की सबबीही देत नाही, फोन उचलायचा बंद होतो. दोन रविवारांच्या हिशेबाने चार जागांना आठ माणसे लागतात. तुमच्याकडे ती नाहीत. तेव्हा आज तरी जागाच दोन करा: एक साउंड, एक स्लाइड.

हे ऐकायला जड जाईल हे मला ठाऊक आहे. स्ट्रीम बंद केला तर अंथरुणाला खिळलेल्या आजीबाईंचे काय, असे कुणीतरी विचारेल, आणि ते रास्तच आहे. म्हणून स्ट्रीम बंद करू नका, साधा करा. मंचासमोर एक कॅमेरा स्टँडवर पक्का बसवा, चौकट एकदाच ठरवा, आवाज मिक्सरमधून घ्या, आणि उपासनेच्या दहा मिनिटे आधी स्लाइडवरच्या माणसाने स्ट्रीम सुरू करून द्यायचा. पुढे त्याला कुणी हात लावायचा नाही. आजीबाईंना चार कोनांतून चित्र नको असते, वचन स्पष्ट ऐकायचे असते. एवढे मात्र करा: सभागृहातल्या स्पीकरला जाणारा आवाज जसाच्या तसा स्ट्रीमला देऊ नका, त्याच्यासाठी वेगळा ऑक्स (मिक्सरमधून वेगळा जुळवून बाहेर काढलेला आवाज) काढा. लहान सभागृहात ड्रम स्पीकरमधून फारसे जातच नाहीत, ते तसेच ऐकू येतात. त्यामुळे मुख्य मिक्स थेट स्ट्रीमला जोडला की घरी ऐकणाऱ्याला ड्रम नाहीसे झालेले आणि पुढारी गायकाचा आवाज अंगावर येणारा असा विचित्र प्रकार ऐकू येतो.

हा निर्णय एकट्याने घेऊ नका. हिशेब कागदावर मांडा आणि पाळकांसमोर ठेवा: इतक्या जागा, इतकी माणसे, प्रत्येकाचे इतके रविवार. वडीलमंडळाला यंत्रातले कळत नसेल, पण हा कागद कळतो. सोबत बायबलमधला १ इतिहास २५ उघडा. दाविदाने गायनसेवेसाठी २८८ जण नेमले आणि त्यांचे २४ वर्ग केले, प्रत्येक वर्गात १२ जण. पाळ्या चिठ्ठ्या टाकून ठरल्या, लहान-मोठा, गुरू-शिष्य असा भेद न करता. मी हा अध्याय पंचवीसेक वेळा वाचला असेन, पण हे पाळ्यांचे वेळापत्रक आहे हे माझ्या ध्यानात यायला टीम मोडावी लागली. देवाच्या मंदिरातही तेच ते लोक रोज उभे राहत नव्हते.

आता तुमच्याबद्दल. पाच महिने तुम्ही बाकावर बसलेले नाहीत, हे तुम्ही प्रश्नात ओझरते लिहिले आहे. मला त्याच ओळीची सर्वांत जास्त काळजी वाटली. मी एकदा सलग चौदा महिने मिक्सरवर होतो. संदेश दर रविवारी कानांवर पडायचा, पण मी ऐकायचो ते पाळकांचा आवाज कुठे बसतोय, ‘स’ टोचतोय का, माइक कपड्याला घासतोय का. एका रविवारी घरी परतताना पत्नीने विचारले, आजचे वचन कोणते होते? मला सांगता आले नाही. मग आठवू लागलो, तर ध्यानात आले की गेल्या कित्येक महिन्यांत प्रभुभोजनही मी घेतलेले नव्हते. भाकर आणि प्याला बाकांवरून फिरायचे, सर्वांत मागे आमच्या टेबलापाशी कुणी येतच नसे. हे कुणी मुद्दाम करत नव्हते, आम्ही त्यांच्या नजरेतच नव्हतो. तुमच्या मंडळीत प्रभुभोजनाची ताटे तांत्रिक टेबलापर्यंत येतात का, ते या रविवारी पाहा. येत नसतील तर पाळकांना सांगा. ते एका क्षणात मान्य करतील, मला खात्री आहे. पाळक स्वतः मागे चालत येऊन भाकर देतात तेव्हा हेडफोन लावून बसलेल्या त्या मुलाला आपण उपासनेत आहोत हे कळते, वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

सोडून गेलेल्यांशी मी पुढे एकेकट्याशी बसून बोललो. कष्टाची तक्रार फार थोड्यांनी केली. पुन्हा पुन्हा दोनच गोष्टी आल्या. एक, शनिवारी रात्री उशिरा येणारी गाण्यांची यादी. दुसरी, मंचावरून मागे टाकलेली नजर. माइक ओरडतो, पाळक बोलायचे थांबून मागे पाहतात आणि अडीचशे माना वळतात. मिक्सरवर सतरा वर्षांची मुलगी असेल तर तो क्षण ती वर्षभर विसरत नाही. आमच्याकडे एका पाहुण्या वक्त्याने माइकवरूनच ‘मागे कुणी झोपले आहे का?’ असे विचारले होते. लोक हसले. त्या दिवशी मिक्सरवर असलेला मुलगा पुन्हा त्या खुर्चीत बसला नाही. मी त्याला आधार द्यायला गेलो, पण दहा दिवसांनी, आणि तोवर उशीर झाला होता.

म्हणून पाळक आणि आराधनेचा पुढारी या दोघांशी बसून बोला. त्यांना तुमच्या अडचणी ठाऊक नसतात, आणि आपण त्या मनात साठवत राहतो. आमच्याकडे असे ठरले: गाण्यांची यादी आणि शब्द गुरुवारी रात्रीपर्यंत. त्यानंतर एखादे गाणे आत्म्याच्या प्रेरणेने आले तर जरूर गावे, पण त्याची स्लाइड नसेल आणि त्याबद्दल कुणी कुणाला बोलणार नाही. संदेशातली वचने शनिवारी दुपारपर्यंत. मंचावरून माइकवर तांत्रिक टीमला उद्देशून काहीही बोलायचे नाही, पाहुणा वक्ता असेल तर हे त्याला आधीच सांगायचे काम पाळकांचे. ऐकू येत नसेल तर कानाला हात लावायचा, मॉनिटर (मंचावरच्यांना स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) वाढवून हवा असेल तर बोट वर. पाळकांनी हे पाळले आणि पहिल्याच वर्षी टीमच्या वागण्यात फरक पडला. उपासना संपल्यावर ते टेबलापाशी येऊन दोन मिनिटे उभे राहतात, हे त्यांनी आपणहून सुरू केले.

चुकीबद्दल तुम्ही स्वतः कसे बोलता तेही पाहा. रविवारी, उपासना संपता संपता, कुणालाही चूक सांगू नका. तो बिचारा आधीच मनात ती वीस वेळा घोळवत असतो. आम्ही एक वही ठेवली आहे. तिच्यात वस्तूबद्दल लिहायचे, माणसाबद्दल नाही: ‘दुसऱ्या गाण्यात तिसऱ्या चॅनेलला खरखर, केबल बदलली’, ‘संदेशाच्या सुरुवातीला माइक बंद राहिला, ४ सेकंद’. मंगळवारी मी फोन करतो. पहिला प्रश्न, तुला स्वतःला काय जाणवले? बहुतेक वेळा त्याने सगळे टिपलेले असते आणि मला पुढे काही बोलावे लागत नाही.

नवी माणसे कुठून आणावीत? व्यासपीठावरून ‘स्वयंसेवक हवेत’ अशी घोषणा मी आता करत नाही. तिला यंत्रांची हौस असलेले दोघे-तिघे उत्तर देतात आणि बाकीच्यांना वाटते की हे आपले काम नव्हे. एकेका माणसाला गाठून विचारा, आणि यंत्रे आवडणाऱ्यांच्या पलीकडे पाहा. स्लाइडसाठी सर्वांत चांगला माणूस म्हणजे ज्याला गीते तोंडपाठ आहेत. कडवे संपायच्या आत, शेवटचे दोन शब्द गायले जात असतानाच पुढची स्लाइड यायला हवी, आणि ते गाणाऱ्यालाच कळते. गायकवृंदातून निवृत्त झालेल्या एका मावशींना मी हे काम दिले. संगणकाला त्या पहिले दोन आठवडे घाबरल्या. त्यांच्यासारखी स्लाइड आजवर कुणी बदललेली नाही. साउंडसाठी मी संगीताचा कान पाहतो आणि त्याआधी स्वभाव पाहतो: गडबडीत याचा हात शांत राहतो का?

विचारताना मुदत सांगा. ‘तीन महिने, महिन्यातून दोन रविवार, मग मीच येऊन विचारीन की पुढे करायचे का.’ एकदा हो म्हटले की जन्मभर सुटका नाही, ही भीती चर्चमधल्या प्रत्येक सेवेबद्दल असते आणि ती खोटीही नाही. मुदत संपली की खरोखर विचारा, आणि कुणी नको म्हटले तर त्याचे आभार मंडळीसमोर माना. सन्मानाने थांबलेला माणूस वर्षभराने परत आलेला मी पाहिला आहे. अल्पवयीन मुले असतील तर आईवडिलांची परवानगी घ्या आणि त्यांच्याबरोबर कायम दोन मोठी माणसे ठेवा, बंद खोलीत एकटे मोठे माणूस आणि एकटे मूल कधीही नको.

शिकवण्याबद्दल निर्गम ३५:३४ मला फार मोलाचे वाटते. निवासमंडप घडवणाऱ्या बसालेलाला देवाने कारागिरीसाठी आपल्या आत्म्याने भरले हे आपण ऐकलेले असते. पण त्याच्या आणि अहलियाबाच्या मनात देवाने इतरांना शिकवण्याचीही प्रवृत्ती घातली, हे त्याच जागी लिहिले आहे. आपल्यातल्या कित्येक चांगल्या साउंडवाल्यांकडे पहिली देणगी आहे आणि दुसरीकडे त्यांनी लक्षच दिलेले नाही. मी चार टप्प्यांत शिकवतो. आधी तू पाहा, मी करतो आणि का करतो ते बोलत राहतो. मग मी सोबत बसतो आणि एखादाच भाग तू सांभाळ, समजा फक्त पाळकांचा माइक. मग सगळे तू कर, मी मागे बसतो आणि विचारल्याशिवाय बोलत नाही. आणि शेवटी तू कर, मी बाकावर. तिसऱ्यातून चौथ्यात जायला शिकणाऱ्यापेक्षा शिकवणाऱ्याला जास्त वेळ लागतो.

पहिल्या महिन्यात मी नव्या माणसाला मिक्सरच्या बटणांकडे नेत नाही. केबल पीळ न पडता कशी गुंडाळायची, माइक तोंडापासून किती दूर, बॅटरी कधी बदलायची, चालू करताना ॲम्प्लिफायर सर्वांत शेवटी आणि बंद करताना सर्वांत आधी का, हे आधी. त्यातूनच बाकीचे उलगडते. माइकचे तोंडापासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो, मग आपण गेन (माइकमधून मिक्सरमध्ये येणाऱ्या आवाजाची पातळी) वाढवतो आणि शिट्टी ऐकू येते. म्हणजे निम्म्या फीडबॅकचा, या शिट्टीचा, इलाज मिक्सरवर नसतो, वक्त्याला माइक हनुवटीजवळ धरायला शिकवण्यात असतो. उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टी यायच्या आधी मिळणारा आवाज ३ डेसिबलने घटतो, म्हणून ज्या माइकवर कुणी बोलत-गात नाही तो बंद. बोलण्याच्या प्रत्येक माइकवर साधारण १०० हर्ट्झच्या खालचे जाड सूर कापून टाका, घुमणे तिथेच निम्मे होते. शब्द कळण्यासाठी लागणारी व्यंजने मुख्यतः १००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यात असतात. कीबोर्ड आणि गिटार त्याच पट्ट्यात दाटी करत असतील तर गायकाचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकती पट्टी) वर ढकलण्याआधी त्यांना थोडे मागे घ्या. आणि गेन आधी, फेडर नंतर. हे इतके समजले की माणूस कुठल्याही मिक्सरवर उभा राहू शकतो.

हे सगळे कशासाठी, तेही शिकवत राहा. नहेम्या ८:४ मध्ये एज्रा लाकडी मंचावर उभा राहून नियमशास्त्र वाचतो, आणि तो मंच त्याच कामासाठी बनवला होता असे तिथे लिहिले आहे. बनवणाऱ्यांची नावे लिहिलेली नाहीत. लोकांनी वचन ऐकले आणि ते रडले. नव्या माणसाच्या पहिल्या दिवशी मी हा अध्याय वाचतो.

आवाज मोठा आहे, लहान आहे, ही भांडणे तुमच्याकडेही असतील. ती स्वयंसेवकाच्या अंगावर येऊ देऊ नका. एक ध्वनिमापक घ्या आणि वडीलमंडळासोबत बसून आकडा ठरवा. कामाच्या ठिकाणी कानांच्या सुरक्षेसाठी अमेरिकेतली नायॉश ही संस्था जी मर्यादा सांगते ती ८५ डेसिबलला ८ तास, आणि दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा. त्या हिशेबाने १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे उरतात. आमच्याकडे गीतांच्या वेळी सरासरी ८८ ठरली. आता तक्रार घेऊन कुणी टेबलापाशी आले तर मिक्सरवरच्या मुलाने एवढेच म्हणायचे की आकडा वडीलमंडळाने ठरवला आहे, त्यांच्याशी बोला. तरुणांना ८८ कमी वाटते, वृद्धांना जास्त, पण आमच्या मुलांना आता कुणी ओरडत नाही.

आता बाप्तिस्मा न झालेल्या त्या तरुणाबद्दल. २ जानेवारी १९२१ रोजी अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या कॅल्व्हरी एपिस्कोपल चर्चमधून केडीकेए या रेडिओ केंद्राने पहिल्यांदा उपासना रेडिओवर प्रक्षेपित केली. यंत्रे सांभाळणारे दोन तंत्रज्ञ लोकांचे लक्ष विचलित करू नयेत म्हणून त्यांना गायकवृंदाचे झगे घातले होते. त्यांतला एक कॅथलिक होता आणि एक यहुदी. हे मी आमच्या वडीलमंडळाला सांगितले होते, कारण आमच्याकडेही हाच प्रश्न आला होता. माझे मत असे: त्याला घ्या. प्रमुखपद देऊ नका, पाळीवर एकटे ठेवू नका, विश्वासात पक्का असलेला जोडीदार द्या, आणि महिन्यातले उरलेले दोन रविवार त्याने बाकावर बसायचे ही अट घाला. तो साउंडसाठी येईल आणि वचन ऐकेल. पण त्याच्या कौशल्यामुळे त्याला चारही रविवार वापरून घेतले, तर आपण त्याच्यावर अन्याय करतो आहोत.

मिक्सर सध्या थांबवायला आणखी एक कारण आहे. नवा मिक्सर आला की उरलेल्या चौघांना सगळे नव्याने शिकावे लागेल, आणि जो लवकर शिकेल तोच पुढे दर रविवारी अडकेल. बहुधा ते तुम्हीच असाल. आठ माणसे झाली, त्यांतल्या निदान चौघांना साउंड एकट्याने सांभाळता येऊ लागला, की मग घ्या, आणि नाताळ किंवा ईस्टरच्या तोंडावर कधीही घेऊ नका. मंजूर रकमेतला एक भाग आज मागून घ्या: दोन चांगले माइक, नव्या केबली, ध्वनिमापक. तेवढ्याने सभागृहातला आवाज तुम्हाला वाटतो त्यापेक्षा बराच सुधारेल.

या आठवड्यात तीन कामे करा. पाळकांना भेटून कागद दाखवा. सोडून गेलेल्या पाचांपैकी एकाला फोन करा आणि का गेलास एवढेच विचारा, परत ये म्हणू नका, त्याचे बोलणे पुरते ऐका. आणि पुढच्या महिन्यातला एक रविवार निवडून त्या दिवशी घरच्यांसोबत बाकावर बसा, शक्य तितके पुढे. मी चौदा महिन्यांनी पहिल्यांदा बसलो तेव्हा दुसऱ्या गाण्यात माइक ओरडला. पत्नीने माझा हात धरून ठेवला. शिट्टी पाच-सहा सेकंद राहिली असेल, मग मागच्या मुलाने ती शोधून काढली आणि गाणे पुढे चालू राहिले. तुमच्याकडेही ओरडेल, मागे वळून पाहू नका. मिक्सरचे नंतर पुन्हा विचारा, आणि तेव्हा तुमच्या चॅनेलांची यादी आणि कोणता माइक किती जुना आहे ते लिहून पाठवा.